टॅरँटुलाचा घास: किडा किती मोठा असावा?

पायांचा पसारा बघून किडा निवडणं ही टॅरँटुला पाळणाऱ्यांना सर्वांत महागात पडणारी चूक. पाय पसरून १२ सेंटिमीटर भरणारा कोळी डोळ्यांना दांडगा वाटतो. पण त्यातलं धड जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटरचं, आणि शिकार धरून ठेवायची सगळी ताकद त्या धडाच्या पुढच्या अर्ध्या भागात. पाय फक्त शिकारीपर्यंत पोचवतात, पकडतात ते जबडे आणि सुळे. म्हणून किड्याचं माप जबड्यांवरून काढायचं, पायांवरून नाही.

टॅरँटुला घास चावून गिळत नाही. तो सुळे रुतवतो, विष सोडतो, मग किड्यावर पाचक रस ओतून जबड्यांनी कुस्करत राहतो आणि त्यातून जो पातळ रस्सा तयार होतो तेवढाच शोषून घेतो. शेवटी उरतो तो चोथ्याचा वाळका गोळा, ज्याला पाळणारे बोलस म्हणतात. हे काम तासन्‌तास चालतं. किडा झेपण्यापलीकडचा असेल तर एक तर तो झटापटीत कोळ्याला चावतो, नाहीतर अर्धवट खाल्ला जाऊन ओल्या मातीवर सडत पडतो. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत हे सडणं एका रात्रीत सुरू होतं.

मोजायचं ते कॅरापेस

जुना आणि सर्वत्र सांगितला जाणारा नियम असा की किडा कोळ्याच्या पोटाएवढा असावा. नियम वाईट नाही, पण त्यात एक खोट आहे. पोट फुगतं आणि आटतं. उपाशी कोळ्याचं पोट मण्याएवढं दिसतं आणि त्याला नियमाप्रमाणे अगदी बारीक किडा मिळतो. ज्याला आधीच जास्त खायला घातलंय त्याचं पोट द्राक्षासारखं टरारलेलं असतं आणि त्याच नियमाने त्याला आणखी मोठा किडा मिळतो. म्हणजे नेमकं उलटं होतं.

त्यापेक्षा पुढच्या भागावरची टणक ढाल, म्हणजे कॅरापेस, मोजावं. ही ढाल आणि जबडे एका कातीपासून दुसऱ्या कातीपर्यंत वाढत नाहीत. आज मोजलेलं माप कात टाकेपर्यंत तेच राहतं. नीट पोसलेल्या टॅरँटुलामध्ये पोटाची लांबी साधारण कॅरापेसएवढीच भरते, त्यामुळे जुना नियमही या मापात आपोआप सांभाळला जातो. किड्याचा आकार कॅरापेसवरून ठरवायचा, आणि किडा आज द्यायचा की पुढच्या आठवड्यात हे पोटावरून.

मोजताना कोळ्याला हात लावायची अजिबात गरज नाही. डब्याच्या पारदर्शक बाजूला मिलिमीटरच्या खुणांचा ग्राफ पेपर चिकटवा. कोळी त्या भिंतीजवळ आला की मोबाइल सरळ समोर धरून फोटो काढा आणि मोठा करून चौकटी मोजा. तिरप्या कोनातला फोटो हमखास चुकतो. कोळी जमिनीवरच बसणारा असेल तर ग्राफ पेपरची लहान पट्टी प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून मातीवर ठेवून द्या आणि वरून फोटो घ्या. कात मिळाली तर काम आणखी सोपं. कातीतली कॅरापेसची ढाल झाकणासारखी सुटलेली असते, ती ताजी असतानाच पट्टीवर ठेवून मोजा. हे माप जुनं असतं, नवी ढाल त्याहून मोठी असते, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

किड्याची लांबी मोजताना मिशा, पाय आणि रातकिड्याच्या शेपटाकडचे काटे सोडून द्यायचे. डोक्याच्या टोकापासून पोटाच्या टोकापर्यंत, बस.

किती म्हणजे किती

झुरळ, रातकिडा असा पाय असलेला, पळणारा, चावू शकणारा जिवंत किडा कॅरापेसच्या लांबीएवढा असावा. भुकेल्या, प्रौढ, चांगल्या खाणाऱ्या कोळ्याला दीडपटीपर्यंत चालतो, पण ती वरची मर्यादा समजा, रोजचं माप नाही. अळीसारखा लांब, मऊ, बारीक किडा कॅरापेसच्या दुपटीपर्यंत चालतो, कारण इथे लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची. अळीची जाडी सुळ्यांच्या कवेत सहज बसली पाहिजे. मेलेल्या किड्याला किंवा तुकड्याला अशी मर्यादा नाही. तो उलटून चावणार नाही. तिथे प्रश्न एवढाच की रात्रभरात संपेल की सडेल.

आता हे आकड्यांत.

पायांचा पसारा १ सेंटिमीटर असलेल्या स्लिंगचं, म्हणजे अगदी लहान पिल्लाचं, कॅरापेस साधारण २ मिलिमीटरचं. त्याला जिवंत द्यायचं तर २ मिलिमीटरची फळमाशी किंवा नुकतं जन्मलेलं रातकिड्याचं पिल्लू. दोन्ही सहज मिळत नाहीत, म्हणून मेलेल्या मीलवर्म अळीचा २-३ मिलिमीटरचा काप हाच खरा रोजचा मार्ग. इतकी लहान पिल्लं मेलेलं आवडीने खातात. स्वतःपेक्षा मोठ्या तुकड्याला चिकटून बसलेलं स्लिंग दिसलं तर घाबरू नका.

पसारा २ सेंटिमीटर झाला की कॅरापेस ४ मिलिमीटरच्या आसपास येतं. आता ६ ते ८ मिलिमीटरची बारीक मीलवर्म डोकं चेपून देता येते, किंवा ४ मिलिमीटरचं जिवंत झुरळाचं पिल्लू.

५ सेंटिमीटरला कॅरापेस ९-१० मिलिमीटरचं. एक सेंटिमीटरचा रातकिडा, तेवढंच दुबिया झुरळाचं पिल्लू किंवा जवळजवळ पूर्ण वाढलेली २ सेंटिमीटरची मीलवर्म. बहुतेकांना इथे पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटतं, कारण बाजारात मिळणारा माल आहे तसा वापरता येतो.

१२-१३ सेंटिमीटरची मेक्सिकन रेड नी मादी घेतली तर कॅरापेस २ ते २.५ सेंटिमीटर. तिला पूर्ण वाढलेला रातकिडा, अर्धवट वाढलेलं दुबिया किंवा ४ ते ५ सेंटिमीटरची एक सुपरवर्म अळी पुरते. साडेचार सेंटिमीटरचं पूर्ण वाढलेलं दुबिया तिने उचललं तरी ते गरजेपेक्षा मोठंच आहे. एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम किडे, तेही चार-पाच दिवसांच्या अंतराने, केव्हाही बरे.

हे सगळे पसारे आणि कॅरापेस सरासरीने दिलेत. लांब पायांच्या झाडावरच्या जातींमध्ये धड आणखी बारीक असतं. म्हणूनच पुन्हा, मोजा.

जातीजातीचा फरक

अकँथोस्कुरिया जेनिक्युलाटासारखा ब्राझीलचा कोळी समोर येईल त्यावर झडप घालतो. त्याला दीडपट माप बिनदिक्कत चालतं, पण तो नाही म्हणत नसल्यामुळे त्याचं पोट टरारून फुगण्याचा धोका सर्वांत जास्त. त्याच्या बाबतीत आवर आपणच घालायचा. चिलीचा ग्रामोस्टोला याच्या अगदी उलट. तो महिनोन्‌महिने काही न खाता बसू शकतो, आणि मोठा किडा अंगावर आला तर मागे सरून पुढचे पाय उचलतो. त्याला कॅरापेसपेक्षा थोडा लहानच किडा द्या. निकाराग्वा-होंडुरासकडचा कर्ली हेअर या दोघांच्या मधला, शहाणा, कुठलाही योग्य मापाचा किडा घेणारा. नवख्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी हे उगाच सांगत नाहीत.

मार्टिनिक बेटावरचा कॅरिबेना व्हर्सिकलर झाडावर जाळीची नळी विणून राहतो आणि खाली उतरायला नाखूष असतो. त्याच्या डब्यात दुबिया टाकलं तर ते मातीत शिरून गायब होतं आणि कोळी वर उपाशी. त्याला भिंतीवर चढणारा रातकिडा, नाहीतर चिमट्याने नळीच्या तोंडाशी धरलेली अळी द्यावी. माप थोडं कमीच ठेवा, कारण झटापटीत तो उंचावरून पडू शकतो.

प्रौढ नराची गोष्ट वेगळी. शेवटची कात टाकून पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे आले आणि मुखाजवळच्या मिशांसारख्या पायांची टोकं फुगली की त्याचं लक्ष खाण्यात राहत नाही. पोट लहानच राहणार. त्याला अर्ध्या कॅरापेसएवढे बारीक किडे अधूनमधून देत राहा, जबरदस्ती नको.

इथे मिळणारे किडे

ठाणे आणि नवी मुंबईत मीलवर्म आणि सुपरवर्म मत्स्यालयांच्या आणि पक्ष्यांच्या दुकानांत मिळतात. अरोवाना मासे पाळणाऱ्यांमुळे हा माल टिकून आहे. दुबिया मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या पाळणाऱ्याकडून घ्यावं लागतं. कुरियरने मागवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये टाळा. टेम्पोत तापलेल्या खोक्यातून निम्मे किडे मेलेले निघतात.

दुकानातून आणलेला किडा त्याच दिवशी देऊ नका. तो कित्येक दिवस सुक्या भुश्श्यावर उपाशी असतो, म्हणजे आतून रिकामा. तीन-चार दिवस स्वच्छ कोंडा, ओट्स आणि सोललेल्या गाजराच्या चकत्यांवर ठेवा. किड्याच्या पोटात जे आहे तेच कोळ्याच्या पोटात जाणार. शिवाय या तीन-चार दिवसांत औषध लागलेला किंवा आजारी माल आपोआप उघडा पडतो. निम्मे किडे लोळायला लागले तर सगळाच माल टाकून द्या.

मीलवर्म ही सुरुवातीला सर्वांत सोयीची. पूर्ण वाढलेली अळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मधल्या आकाराच्या कोळ्याला नेमकी. मापांची वर्गवारी करायला स्वयंपाकघरातल्या चाळण्यांसारखं दुसरं साधन नाही. पिठाच्या चाळणीतून कोंड्याची पूड आणि अगदी बारीक अळ्या खाली पडतात, रव्याच्या चाळणीवर मधल्या राहतात, मोठ्या हाताने वेचता येतात. तीन डबे करा, त्यावर मिलिमीटर लिहा. स्लिंगसाठी डब्यातली पांढरीशुभ्र अळी शोधा. ती नुकती कात टाकलेली असते आणि तिची त्वचा अजून मऊ असते, त्यामुळे पिल्लाचे इवलेसे सुळे सहज शिरतात. मीलवर्म फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली की वाढ मंदावते. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजर द्यायचं आणि परत आत. चूक एकच होते: अळी कोळ्याच्या मातीत शिरते, आपण विसरतो, आणि काही आठवड्यांनी काळा भुंगेरा बाहेर येतो. म्हणून मीलवर्म नेहमी डोकं चेपून, बाटलीच्या झाकणात ठेवून द्या.

सुपरवर्म दिसायला मीलवर्मची मोठी बहीण, पण स्वभाव वेगळा. जबडा ताकदवान आहे. जिवंत सुपरवर्म मातीत शिरून कात टाकत असलेल्या कोळ्यापर्यंत पोचली तर त्याला कुरतडू शकते. डोकं चिमट्याने चेपूनच द्यावी. चेपल्यावरही ती बराच वेळ वळवळते आणि कोळ्याला बोलावणं पुरेसं होतं. हिला फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने मरते. गर्दीत ठेवली तर ती कोषात जात नाही, अळीच राहते. त्यामुळे एका डब्यातला माल खूप दिवस पुरतो.

दुबिया हे सोसायटीतल्या फ्लॅटसाठी सर्वांत योग्य झुरळ. गुळगुळीत प्लॅस्टिकवर किंवा काचेवर चढता येत नाही, वास कमी, आवाज नाही. जन्मताना ३ ते ५ मिलिमीटरचं पिल्लू आणि प्रौढ साडेचार सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे एकाच डब्यात स्लिंगपासून मोठ्या मादीपर्यंत सगळी मापं. एकच त्रास: धोका दिसताच मेल्यासारखं पडून राहतं किंवा मातीत शिरतं. थरथर नाही तर कोळ्याला कळणार नाही. त्यामुळे हेही चिमट्यातून द्या किंवा डोकं चेपून जाळ्याजवळ ठेवा. घरच्यांना झुरळं म्हटल्यावर जे वाटेल ते वाटेल. त्यांना डबा उघडून दाखवा, वर न चढणारी झुरळं बघितली की निम्मी भीती जाते.

रातकिडे हालचालीने कोळ्याला सर्वांत चांगले खुणावतात, पण चावरे आहेत, पाणी न मिळाल्यास एकमेकांना खातात, आणि रात्री गातात. वन बीएचकेमध्ये हे गाणं फार काळ सहन होत नाही. फळमाशी फक्त अगदी लहान पिल्लांसाठी. बाटली दोन-तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की माश्या सुस्तावतात, मग मोजून टाकता येतात.

बाहेरचे किडे नकोच

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती रातकिडे, पंख झडलेल्या वाळव्या, नाकतोडे घरात येतात आणि फुकटचं खाद्य म्हणून हात पुढे होतो. आवरा. महापालिकेची धूर फवारणी, बागांतली कीटकनाशकं, सोसायटीतलं पेस्ट कंट्रोल, यांतून कुठला किडा जाऊन आलाय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. घरातलं झुरळ तर सर्वांत वाईट. स्वयंपाकघरात झुरळांसाठी लावलेलं जेल खाऊन ते लगेच मरत नाही, हिंडत राहतं, आणि ते विष कोळ्याच्या आत जातं. बाहेरच्या नाकतोड्यांमध्ये परजीवी जंतही असतात. चिमणी, पाल, उंदराचं पिल्लू असलं काही देण्याचा विचारसुद्धा करू नका. कीटक पुरतात.

त्याच ओघात, येऊरच्या जंगलातून किंवा सह्याद्रीतून टॅरँटुला उचलून आणणं हा गुन्हा आहे आणि तिथल्या कोळ्यांचं नुकसान आहे. परदेशी जात पाळत असाल आणि ती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत असेल, जशा ब्रॅकिपेल्मा गटातल्या सगळ्या जाती आहेत, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव कायद्यानुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती करून ठेवा.

खायला घालण्याची संध्याकाळ

टॅरँटुला रात्री जागा असतो. अंधार पडल्यावर द्या, सकाळी तपासा.

आधी कोळ्याकडे दोन मिनिटं नीट बघा. वरून बघताना पोटाची रुंदी कॅरापेसपेक्षा कमी असेल तर तो भुकेला आहे, आज द्या. बरोबरीची किंवा थोडी जास्त असेल तर ठरलेल्या दिवशी द्या. दीडपट किंवा त्याहून जास्त असेल तर थांबा, प्रौढ असेल तर तीन-चार आठवडेसुद्धा. ठरलेला दिवस म्हणजे स्लिंगला आठवड्यातून दोनदा, मधल्या वयाच्याला आठवड्यातून एकदा, प्रौढाला दहा ते पंधरा दिवसांनी एकदा. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये एसी २२ अंशांवर रात्रंदिवस चालत असेल तर त्या खोलीतला कोळी कमी खाईल, अंतर वाढवा.

पाण्याची वाटी भरा. मग २५-३० सेंटिमीटर लांब, टोकाला रबर किंवा बांबू असलेला चिमटा घ्या. उघडं स्टीलचं टोक नको. कोळी चिमट्यालाच चावला तर सुळा तुटू शकतो, आणि सुळा तुटलेला कोळी पुढच्या कातीपर्यंत धड खाऊ शकत नाही.

किडा कोळ्याच्या अंगावर टाकायचा नाही. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर सोडा, किंवा चिमट्यातच हलकेच हलवा. त्याने झडप घातली की चिमटा लगेच सोडा, ओढाताण नको. पुढचे पाय उचलून तो मागे सरला तर किडा मोठा आहे किंवा त्याला नको आहे. दोन्ही बाबतींत किडा काढून घ्या. पुढच्या वेळी निम्म्या मापाचा देऊन बघा.

स्लिंगसाठी मीलवर्म ब्लेडने कापा, आतला ओला भाग वर येईल असा काप बिळाच्या तोंडाशी किंवा जाळीच्या कडेला ठेवा. मातीवर थेट ठेवलेला तुकडा लगेच बुरसटतो, म्हणून खाली नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा किंवा सुकं पान ठेवलेलं चांगलं. सकाळी उरलेलं सगळं उचला, चोथ्याच्या गोळ्यासकट. जिवंत किडा चोवीस तासांहून जास्त आत राहता कामा नये. मेलेला पावसाळ्यात बारा तासांहून जास्त नको.

कात टाकायच्या आधी आणि नंतर

योग्य मापाचा किडासुद्धा चुकीच्या दिवशी घातक ठरतो. पोट गडद आणि चकचकीत होणं, अंगावरचे केस उडवणाऱ्या अमेरिकी जातींमध्ये पोटावरचा टकलाचा भाग काळा पडणं, बिळाचं तोंड मातीने किंवा जाळीने बुजवणं, खाणं नाकारणं: यांतलं काहीही दिसलं तर जिवंत किडा द्यायचा नाही. खात्री नसेल तर चेपून मेलेला ठेवा, नाही खाल्ला तर सकाळी काढा. उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो, तो कात टाकतोय. त्याला हलवू नका, पाणी शिंपडू नका, डब्यात एकही जिवंत किडा नाही याची खात्री करा. या तासांत एक साधा रातकिडाही त्याला जिवंत कुरतडू शकतो.

कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे झाल्याशिवाय खायला नाही. पिल्लांना तीन ते पाच दिवस, मधल्या वयात सात ते दहा, मोठ्या मादीला दोन ते तीन आठवडे लागतात. त्याआधी मऊ सुळ्यांनी कडक पाठीच्या झुरळावर झडप घातली तर सुळे वाकतात. कातीनंतरचा पहिला घास जुन्याच मापाचा, मऊ अळीचा द्या. नवं माप दुसऱ्या घासापासून.

पावसाळा, फवारणी, मुंग्या

जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की अर्धी मेहनत किड्यांच्या डब्यांवरच होते. मीलवर्मचा कोंडा दमट झाला की डब्याच्या कडेला पांढुरकी, सरकणारी पूड दिसते. ती पूड नसून माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव, असतात. नवा कोंडा कढईत कोरडा भाजून, पूर्ण थंड करून मगच भरा. गाजराच्या चकत्या रोज बदला, बटाटा पावसाळ्यात बंद. झाकणाला बारीक जाळी हवी, हवा खेळती राहू द्या. माइट कोळ्याच्या डब्यात पोचले तर ते चोथ्यावर आणि मेलेल्या तुकड्यांवरच पोसले जातात, म्हणजे योग्य मापाचा किडा देणं आणि उरलेलं उचलणं हाच त्यांच्यावरचा पहिला उपाय.

डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत महापालिकेची धुराची गाडी येते. आवाज ऐकताच खिडक्या बंद करा, कोळ्यांचे आणि किड्यांचे डबे मोठ्या झाकणाच्या क्रेटमध्ये ठेवून झाकण लावा. तास-दोन तासांनी, वास गेल्यावर उघडा. कोळ्याला एवढ्या वेळात हवा कमी पडत नाही. डास मारायचं मशीन, अगरबत्ती आणि मुंग्यांचा खडू त्या खोलीत कायमचे बंद. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध लावलं असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. घरात पेस्ट कंट्रोल करायचं ठरलं तर डबे चार-पाच दिवस नातेवाइकांकडे हलवा.

लाल मुंग्या स्लिंगला एका रात्रीत संपवतात, आणि त्यांना बोलावतो तो उरलेला अळीचा तुकडा. रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, आणि रॅक भिंतीला टेकणार नाही असा चार बोटं पुढे ओढा.

बिघडलं तर कुठे बिघडलं

सगळं मोजून दिलं तरी कोळी खात नसेल तर घाबरून मोठा किडा देऊन बघू नका. आधी कातीची लक्षणं बघा, मग पाण्याची वाटी, मग खोलीचं तापमान. पोट आटून सुरकुतलं असेल तर तहान हे पहिलं कारण धरा. पाणी भरा, मातीचा एक कोपरा ओला करा.

उलट पोट फार मोठं झालं असेल तर माती वर आणा, म्हणजे झाकण आणि माती यांतलं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्यापेक्षा फार जास्त राहणार नाही. जड पोटाचा जमिनीवरचा कोळी काचेवरून पडला तर पोट फुटतं, आणि कोळ्याचे पाय अंगातल्या द्रवाच्या दाबावर सरळ होत असल्यामुळे रक्त गेलं की तो चालूही शकत नाही. मग घास लहान करा आणि अंतर वाढवा. बारीक करायला दुसरा मार्ग नाही.

किडा अर्धा खाऊन टाकलेला वारंवार सापडत असेल तर माप सरळ सरळ मोठं आहे, एक पायरी खाली या. किडा समोरून जातोय आणि मोठा कोळी हलतही नाही, असं असेल तर उलट शक्यता: किडा इतका बारीक आहे की त्याची थरथर त्याला दखल घेण्याजोगी वाटत नाही. तेव्हा एक पायरी वर. लहान घासाने झालेली चूक पुढच्या आठवड्यात सुधारता येते, मोठ्या घासाने झालेली नेहमी सुधारता येत नाही. म्हणून दोन मापांत अडलात तर लहान घ्या.

डब्यात जास्त झालेले किडे खिडकीतून किंवा सोसायटीच्या बागेत सोडू नका. दुबिया आणि सुपरवर्म इथले नाहीत. पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग टाका.

प्रत्येक कोळ्यासाठी वहीचं एक पान ठेवा: तारीख, किड्याचा प्रकार, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये, किती तासांत उचलला, चोथा कधी सापडला. कात टाकली की सुटलेली कॅरापेसची ढाल चिकटपट्टीने त्याच पानावर लावा आणि शेजारी माप लिहा. चार-पाच काती झाल्या की पुढचा किडा चाळणीतल्या कुठल्या डब्यातून काढायचा हे त्या पानावरूनच कळतं.